मदत हवी आहे: आमवात, दोन औषधं फसली, तिसऱ्याआधी सांध्यांची सोनोग्राफी करावी का? (ग्वाल्हेर)

लष्करची_सून:
नमस्कार मंडळी,

सासूबाईंना (वय ६१) बरीच वर्षं आमवात आहे, रुमॅटॉइड. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्याच्या दोन्ही रक्तचाचण्या पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, लेफ्लुनोमाइड ही नेहमीची जुनी औषधं झाली. मग अ‍ॅडॅलिमुमॅबची इंजेक्शनं, ती लागू पडेनाशी झाली तेव्हा टोफासिटिनिब; नव्या प्रकारची ही दोन्ही फसली. आता डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणतायत. औषधाला ना नाही, पण आजार खरंच पेटलेला आहे का, हेच आम्हाला कळेनासं झालंय.

सकाळी टूथपेस्टची ट्यूब पिळवत नाही. रात्री मान, पाठ, दंड सगळं ठणकतं, झोपेचं तर विचारूच नका. पण बोटं बघाल तर सूज बेताचीच. मागच्या वेळी दुखरे सांधे ११, सुजलेले २, रक्तातून दाह मोजणाऱ्या चाचण्यांत ईएसआर २२, सीआरपी नॉर्मल, आणि "एकंदर त्रास किती?" याला आईंनी १०० पैकी ७० सांगितले. यावरून आजाराच्या जोराचा जो स्कोअर काढतात, तो डीएएस-२८ निघाला ५.४. म्हणून तिसरं औषध.

इथे एका सेंटरला मनगटांची सोनोग्राफी केली. जानेवारीची सकाळ, आईंचे हात बर्फासारखे गार. रिपोर्ट एका ओळीचा: पाणी नाही, विशेष काही नाही. डॉपलर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारं तंत्र) लावला का विचारलं, तर "त्याची गरज नसते." चवडे सगळ्यात जास्त दुखतात, ते कोणी बघितलेच नाहीत.

या रिपोर्टवर विसंबावं का? पुन्हा करायची तर काय सांगून करायची? (हळद-मेथीचे उपाय कृपया नकोत, घरात तेवढे सल्लागार आहेत.)

रावपुरा_बडोदा:
ताई, सरळ एमआरआय करून टाका ना. एकदाच काय तो निकाल.

सांधेवाला:
एमआरआयची घाई नको. मी याच विषयातला डॉक्टर आहे. त्यांना न तपासता औषधाबद्दल बोलणार नाही, पण आकड्यांबद्दल बोलतो.

तुमच्या ५.४ ची फोड करून बघा. दुखऱ्या सांध्यांचे साधारण १.९, आईंनी सांगितलेल्या ७० चे १, ईएसआरचे २.२. सुजेचे? जेमतेम ०.४. म्हणजे निम्म्याहून जास्त स्कोअर वेदनेतून आलाय. ती वेदना खोटी नाही, पण दुखरे सांधे खूप आणि सुजलेले मोजके, अंगभर ठणका, झोप नाही, असं चित्र असलं की सोबत फायब्रोमायल्जिया (सांध्यांत दाह नसताना अंगभर दुखण्याचा आजार) आहे का, हे बघावंच लागतं. तो असेल तर रिटुक्सिमॅबने तो हलणार नाही. जुन्या आजाराने झिजलेले सांधेही सुजेविना दुखतात.

उलट बाजूही आहे. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या सीआरपी खाली आणतात, त्यामुळे नुसत्या नॉर्मल सीआरपीवर निर्धास्त राहू नका. आणि डीएएस-२८ मध्ये पाऊल मोजलंच जात नाही! चवडे सुजले तरी स्कोअरला पत्ता नसतो.

युलारने (युरोपातली संधिवात तज्ज्ञांची संघटना) २०२१ मध्ये 'डिफिकल्ट टू ट्रीट' म्हणजे उपचारांना सहज दाद न देणाऱ्या आरएची (रुमॅटॉइडची) व्याख्या केली, त्यात निरनिराळ्या पद्धतीने काम करणारी किमान दोन बायोलॉजिक किंवा टार्गेटेड औषधं (आईंची ती इंजेक्शनं आणि टोफासिटिनिब यांसारखी) फसलेली असणं ही एक अट आहे. अशा रुग्णात दाह आहे की नाही अशी शंका असेल, तर सोनोग्राफीचा विचार करा, असं त्यांच्याच मार्गदर्शनात आहे. दर भेटीला करायची गरज नाही. नॉर्वेतल्या आर्क्टिक चाचणीत (२०१६) नव्या रुग्णांचे उपचार सोनोग्राफी बघत ठरवूनही फायदा दिसला नव्हता. तुमच्याकडे मात्र खरीच शंका आहे.

तुमचा रिपोर्ट अर्धवट आहे. ग्रे-स्केलमध्ये (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) सांध्याच्या अस्तराची जाडी आणि पॉवर डॉपलरमध्ये त्यातला रक्तप्रवाह, दोन्हींना ० ते ३ श्रेणी देतात. डॉपलरशिवाय अस्तर आत्ता पेटलेलं आहे की जुनं जाड झालेलं, हे सांगणं कठीण. हाय-फ्रिक्वेन्सी लिनियर प्रोब हवा, जेल भरपूर हवं. प्रोब दाबून धरला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि सिग्नल गायब होतो. गार हातांतही तो कमी दिसतो, म्हणून खोली उबदार हवी. मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं, चवडे आणि कंडरांची आवरणं बघायला सांगा. स्टिरॉइड किंवा वेदनाशामक चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद मात्र करू नका.

लष्करची_सून:
धन्यवाद डॉक्टर. डीएएसची फोड आमच्या डॉक्टरांना दाखवली. ते चिडले नाहीत, "चवड्यांसकट करून आणा, मग ठरवू" म्हणाले. वेदनाशामक रोज चालू आहे, तेही सांगितलं.

आता ग्वाल्हेरात सांध्यांचं पॉवर डॉपलर नेमाने करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. नाहीतर दिल्ली आहेच, पण आईंना थंडीत पहाटेच्या गाडीने न्यायचं जिवावर येतंय.