आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर ती भलतंच बोलते आहे. कुणाला दाखवू?

तांबळडेगचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची, देवगड तालुक्यात एकटी राहते. मी डोंबिवलीला. आषाढात पडवीच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. रॉड छान बसलाय म्हणतात.

पण त्याच रात्री तिने सलाईन उपसून काढलं. "माळ्यार पोरां बसली हत, खाली उतरव त्यांका," म्हणाली. मला ओळखलंच नाही, माझ्या वारलेल्या मामाच्या नावाने हाका मारत होती. हॉस्पिटलवाल्यांनी दोन रात्री तिचे हात पट्टीने कॉटला बांधून ठेवले होते. ते बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. आज नववा दिवस. सकाळी बरी असते, दिवेलागणीला सुरू होते. घरातच असून "माका घराक व्हर" म्हणते.

वाडीतले म्हणतात बाधा आहे, देवाला गाऱ्हाणं घाल. धाकटा भाऊ म्हणतो सरळ रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेऊया. शिवाय मला एक गोष्ट खाते आहे. भूलतज्ज्ञांनी कमरेतली की पूर्ण असं विचारलं होतं, तेव्हा "तिला काही कळू नये" म्हणून मीच पूर्ण भूल म्हटलं. माझ्यामुळे झालं का हे?

आणि एक. सुट्टी देताना तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी फॉर्म दिलाय. म्हाताऱ्या माणसांच्या ऑपरेशननंतर स्मरणशक्तीचं काय होतं याचा अभ्यास चालू आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला आणा म्हणतात. सही करू का?

घाटमाथ्यावरची_सिस्टर

दादा, आधी शांत व्हा. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात. याला डिलिरियम म्हणतात, आपल्या आज्या "वात झाला" म्हणायच्या तोच. अचानक सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी वाढतो. म्हातारपणचं वेड, म्हणजे डिमेन्शिया, हळूहळू येतं, ते असं एका रात्रीत येत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत हे इतकं दिसतं की आम्ही नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायचो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही त्यांची चूक. हात बांधल्याने माणूस अजून बिथरतो, तीही चूकच.

आता पटापट उत्तरं द्या. चष्मा कुठे आहे? कवळी? लघवीची नळी काढली का? शौचाला कधी झाली होती? गोळ्या कोणत्या चालू आहेत? मशेरी लावायची का?

तांबळडेगचा_चाकरमानी

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून बॅग उघडली. चष्मा रुमालात गुंडाळलेला, बॅगेच्या तळाशी. ऑपरेशनच्या आधी माझ्या हातात दिला होता, तो मी तिथे ठेवला आणि विसरलो. नऊ दिवस ती बिनचष्म्याची आहे.

नळी सुट्टीच्या दिवशी काढली. शौचाचं वहिनीला विचारलं, पाच दिवस झाले म्हणे. मशेरी दिवसातून तीनदा लावायची, आम्हीच बंद केली. गोळ्या: ट्रामाडोल दिवसातून तीनदा, रात्री अल्प्राझोलाम (ही हॉस्पिटलमध्येच सुरू झाली), पायाच्या मुंग्यांसाठी आधीपासूनची अमिट्रिप्टिलिन, बीपीची एक, पित्ताची एक. आणि सर्दी झाली म्हणून गावच्या मेडिकलवाल्याने दिलेली पिवळी गोळी.

बेशुद्ध_करणारा

मी भूलतज्ज्ञ, सिंधुदुर्गातच काम करतो. आधी अपराधीपणाचं बघू. कमरेतली भूल दिली तर डोकं शाबूत राहील, असं आम्हीही वर्षानुवर्षं मानत होतो. मग २०२१ साली रीगेन नावाची चाचणी आली. अमेरिका आणि कॅनडातले खुबा मोडलेले १६०० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. डिलिरियम कमरेतल्या भुलीत २०.५ टक्के, पूर्ण भुलीत १९.७. म्हणजे फरक नाही. पुढच्या वर्षी चीनमधल्या रागा चाचणीतही फरक निघाला नाही. तुम्ही काहीही निवडलं असतं तरी हे होऊ शकलं असतं. मोडलेलं हाड, वेदना, रक्तस्राव, वय, अनोळखी खोली, ही कारणं भुलीच्या आधीपासून उभी असतात.

तुमची यादी मात्र मला आवडली नाही. ट्रामाडोलने गोंधळ वाढतो, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठही, उतरू शकतं. अल्प्राझोलाम म्हाताऱ्या मेंदूला झोप कमी आणि भ्रम जास्त देते. अमिट्रिप्टिलिन आणि बहुतेक सर्दीच्या गोळ्या एकाच प्रकारे त्रास देतात: तोंड कोरडं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ आणि गोंधळ. एकेक चालून गेली असती, तुमच्याकडे चारही एकत्र आहेत. पण मनाने काही बंद करू नका. वेदना तशाच राहिल्या तर त्यानेही डिलिरियम वाढतो, आणि जुनी गोळी एकदम तोडली तर त्याचाही त्रास होतो. गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन फिजिशियनकडे जा. मनोरुग्णालय ही पहिली पायरी नव्हे. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. सोडियम, साखर, किडनी, हिमोग्लोबिन, लघवी, छाती एवढं बघून घ्या. ताप, धाप, एकाच बाजूला अशक्तपणा, किंवा जागंच होत नाही असं झालं तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच क्षणी उचला.

खारवी_बंदरावरचो

आमच्या बापाशीचं उलट झालं. म्हातारो गप पडान. जेवायचं नाही, बोलायचं नाही, भिंतीकडे तोंड. आम्ही म्हटलं बरं आहे, त्रास देत नाही. पाच दिवसांनी एका डॉक्टरणीने बघितलं, तोही डिलिरियमच निघाला, आणि आत छातीत न्यूमोनिया. दंगा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प असलेल्याकडे पण बघा.

गाऱ्हाण्याचं म्हणशील तर घाल की. नारळ ठेव, आईला बरं वाटेल. पण रक्त आधी तपास, गाऱ्हाणं नंतर.

तांबळडेगचा_चाकरमानी

धन्यवाद सगळ्यांना. एक विचारायचं राहिलं. हॉस्पिटलमध्ये त्या शिकाऊ डॉक्टरांनी आईला आजची तारीख विचारली, ती गप्प. देशाचे पंतप्रधान कोण, गप्प. त्यांनी कागदावर फुली मारली. मी सकाळी सहज विचारलं, "आये, आज काय?" तर म्हणाली, "परवा दिव्याची अवस झाली मां?" बरोबर होतं! मग ती चाचणी खरी की हे?

बेशुद्ध_करणारा

हे फार मोलाचं लिहिलंत. इंग्रजी तारीख जिने आयुष्यात कधी वापरली नाही तिला ती विचारून काय कळणार? उत्तर भारतात बल्लभगढला अभ्यास झाला तेव्हा न शिकलेल्या माणसांसाठी म्हणून वेगळी हिंदी चाचणी बनवावी लागली होती, ती याच अडचणीमुळे. घरी तुम्ही असं करा: तिला वार उलटे म्हणायला सांगा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार… डिलिरियममध्ये मुख्य म्हणजे लक्ष टिकत नाही. सकाळी धडाधड म्हणेल, संध्याकाळी मध्येच गळपटेल. हे वहीत वेळ घालून लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही दाखवलीत तर तुमच्या वर्णनापेक्षा जास्त समजेल.

मुळातली_सावंतवाडीची

फॉर्मबद्दल मी सांगते, एका संस्थेच्या नीतिमत्ता समितीवर (माणसांवरच्या अभ्यासांना मंजुरी देणारी समिती) सामान्य नागरिक म्हणून बसते.

सहीची घाई नाही. माहितीपत्रक मराठीतून मागा. नुसती तपासणी आहे की औषधही देणार, हा पहिला प्रश्न. औषध देणार असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा. २००९ च्या जूनपासून औषधांच्या चाचण्यांची ही नोंदणी सक्तीची आहे आणि कुणीही ती वेबसाइटवर पाहू शकतं. नीतिमत्ता समितीची मंजुरी, तपासण्यांचा खर्च आणि कोल्हापूरला येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, हेही विचारा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यावरून उपचार अडवता येत नाहीत, हे पत्रकात लिहिलेलं असायला हवं.

आणि आई गोंधळलेली असताना तिचा अंगठा घेऊ नका, घेऊ देऊ नका. अशा वेळी जवळचा नातेवाईक संमती देतो, पण ती भानावर आली की तिला पुन्हा विचारायचं असतं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदारही हवा.

माझं मत: नुसती तपासणी असेल तर करा. असे अभ्यास झाले म्हणूनच काही कळलं. १९९८ साली युरोप-अमेरिकेतल्या १२१८ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे साठीच्या पुढचे. ऑपरेशननंतर आठवड्याने २५.८ टक्क्यांची स्मरणशक्ती, लक्ष वगैरे घसरलेलं होतं, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांचं. ऑपरेशन न झालेल्यांत तीन महिन्यांनी २.८. ते खुबा मोडलेले रुग्ण नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुमच्या आईला लावू नका. पण बहुतेक जण सावरतात आणि थोडे मागे राहतात, हे तेव्हा मोजून समोर आलं. त्यात आपल्याकडची, वार उलटे म्हणणारी म्हातारी माणसं असायला नकोत का?

घाटमाथ्यावरची_सिस्टर

आकडे झाले, आता घरचं बघा. खाट खिडकीपाशी घ्या, दिवसा उजेड आणि माणसांचा आवाज हवा, रात्री बारीक दिवा. दिवसा झोपू देऊ नका, फिजिओवाल्याने सांगितलंय तेवढं वॉकर धरून उभं कराच. पेज, सोलकढी, पाणी थोडंथोडं देत राहा. "माळ्यावर कुणी नाही" म्हणून वाद घालू नका, "मी बघून येतो" म्हणा आणि हात धरून बसा. मशेरीतली तंबाखू ऑपरेशनमुळे अचानक सुटली की चिडचिड होते, झोप जाते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. येल विद्यापीठात १९९९ साली अशाच साध्या गोष्टी सत्तरीपुढच्या रुग्णांच्या बाबतीत करून पाहिल्या होत्या. डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. पण तो रोखण्याच्या बाबतीत, एकदा झाल्यावर तितका गुण आला नाही. म्हणून दुसऱ्या खुब्याला जपा. पायरी घासून घ्या.

तांबळडेगचा_चाकरमानी

चार दिवसांनी लिहितोय. ओरोसला नेलं. सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी निघालं, दोन दिवस ठेवून घेतलं. ट्रामाडोल आणि सर्दीची गोळी बंद, पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी. बीपीची बदलली. अल्प्राझोलाम कमी करत बंद करायची, अमिट्रिप्टिलिनचं पुढच्या वेळी बघू म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा नीट तपासू, तोवर विसरभोळेपणाचा शिक्का मारू नका असं बजावलंय.

काल संध्याकाळी पोरं माळ्यावर होतीच, पण दोनच. आज सकाळी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ढोरांका गवात घातलास?" फॉर्म अजून कपाटात आहे. तिलाच विचारणार आहे.

घाटमाथ्यावरची_सिस्टर

बरं वाटलं वाचून. पण शौचाला झाली का, ते लिहिलं नाहीत.