स्टुटगार्टला येऊन दीड वर्ष झालं, एमबीबीएस आहे पण अजून काम नाही, कुठून सुरुवात करू?

मराठवाड्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजची एमबीबीएस, इंटर्नशिपनंतर बॉण्डचं एक वर्ष पीएचसीला काढलं, मग लग्न, मग मुलगी, मग नवऱ्याला इथे ऑटोमोबाइलमध्ये नोकरी लागली आणि त्याच्या ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्यावर, आम्ही सगळे आलो. मुलगी तीन वर्षांची आहे, आत्ता कुठे तिला किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा मिळालीये त्यामुळे सकाळचे पाच तास माझे. जर्मन भाषेची बी१ पातळी झाली, त्यापुढच्या बी२ चा क्लास चालू आहे. अप्रोबाट्सिओनचे, म्हणजे इथे डॉक्टर म्हणून काम करायच्या परवान्याचे, कागद अजून दिलेले नाहीत कारण कोणी म्हणतं आधी भाषा पूर्ण कर, कोणी म्हणतं आधी फाइल टाक.

दुसरं म्हणजे ओळखीच्या एक काकू म्हणतात की तोवर क्लिनिकमध्ये एमएफएचं, म्हणजे डॉक्टरच्या मदतनीसाचं काम धर, भाषा सुधारेल. मला कमीपणा वाटत नाही, पण त्यात अडकून तर पडणार नाही ना ही भीती आहे.

मागच्या आठवड्यात लेकीचा कान दुखत होता म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाई मला कानाच्या इन्फेक्शनबद्दल अगदी सोपं करून समजावत होत्या, मला सगळं कळत होतं, पण मी पण डॉक्टर आहे हे एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. घरी येऊन खूप रडले. चार वर्षांची गॅप पडलीये, आता घेतील का मला कोणी?

रात्रपाळी_इनेरे

ताई, घेतील. मी पण गॅप घेऊनच आले होते, आता एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिनला असिस्टंट डॉक्टर आहे, तिसरं वर्ष.

फाइल आत्ताच टाका, बी२ ची वाट बघत बसू नका. भाषेचं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी नंतर जोडता येतं, आणि खरा वेळ कागदांवरच जातो. तुमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गचं सगळं काम रेगिरुंग्सप्रेझिडियुम स्टुटगार्ट ह्या सरकारी ऑफिसकडे असतं, प्रत्येक राज्याचं ऑफिस वेगळं आणि मागण्याही थोड्या वेगळ्या, त्यामुळे हेसेनमधल्या मैत्रिणीची यादी घेऊन कागद गोळा करू नका, त्यांच्याच साइटवरची यादी काढा. मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे आपल्याविरुद्ध काही कारवाई नसल्याचा दाखला, मात्र सगळ्यात शेवटी मागवा, ते ताजं लागतं, साधारण तीन महिन्यांच्या आतलं. मी आधीच मागवून ठेवलं आणि परत सगळी धावपळ भावाला करावी लागली.

आता एफएसपीचं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेच्या परीक्षेचं. २०-२० मिनिटांचे तीन भाग असतात, आधी पेशंटशी बोलायचं, मग त्याचं पत्र लिहायचं, मग तीच केस सीनियर डॉक्टरला सांगायची. पेशंटसमोर 'डायबेटिस मेलिटस' नाही, त्सुकरक्रांकहाइट म्हणजे साखरेचा आजार, आणि सीनियरसमोर परत शास्त्रीय शब्द. हे इतरांना अवघड वाटत असेल, तुम्ही तर पीएचसीला वर्षभर हेच केलंय. म्हातारी सांगायची "छातीत चमक मारती, हातापायाला मुंग्या येत्यात" आणि तुम्ही केसपेपरवर पॅरेस्थेशिया लिहायचात. गंमत म्हणजे जर्मन पेशंट पण मुंग्याच म्हणतात, आमाइझनलाउफन, म्हणजे मुंग्या चालणं! मला तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर एवढं बरं वाटलं काय सांगू, ओपीडीतली आजीच समोर बसल्यासारखं झालं. एक वही करा, डावीकडे पेशंटचा शब्द, उजवीकडे डॉक्टरचा, आणि जमलं तर मधे मराठी. रोज दहा शब्द.

दुसऱ्यांदा_पास

वरच्या ताईंनी भाषेचं सांगितलं, मी केंटनिसप्रूफुंगचं, म्हणजे वैद्यकीय ज्ञानाच्या परीक्षेचं, सांगतो कारण मी पहिल्यांदा नापास झालो होतो.

आपली डिग्री युरोपच्या बाहेरची, त्यामुळे दोन रस्ते. एक, तुमचा सगळा अभ्यासक्रम, विषय, तास भाषांतर करून द्यायचा आणि ते इथल्या शिक्षणाशी ताडून बघणार. दोन, ती तुलना नको म्हणून लिहून द्यायचं आणि सरळ परीक्षा द्यायची. पहिल्या रस्त्यात माझे खूप महिने आणि भाषांतराचे भरपूर पैसे गेले आणि शेवटी पत्र आलं की फरक आहे, परीक्षा द्या. माझं मत विचाराल तर सरळ परीक्षा. संधी तीनच असतात हे लक्षात ठेवा, उगाच बघू काय होतंय म्हणून बसू नका.

परीक्षा तोंडी आणि प्रॅक्टिकल, साधारण तासभर ते दीड तास, मेडिसिन आणि सर्जरी मुख्य, शिवाय इमर्जन्सी, फार्माकॉलॉजी, रेडिओलॉजी, रेडिएशन प्रोटेक्शन आणि थोडा कायदा. खरा पेशंट तपासावा लागतो. मला न्यूमोनिया पाठ होता, पण प्रोफेसरने विचारलं की आता ह्या आजोबांचं तुम्ही वॉर्डात पुढच्या तासाभरात काय काय करणार, आणि मी पुस्तक बोलायला लागलो. इथला वॉर्ड मी पाहिलाच नव्हता ना! मग एका हॉस्पिटलात दोन महिने बिनपगारी होस्पिटात्सिओन, म्हणजे वॉर्डात सोबत राहून काम बघणं, केलं, नंतर बेरुफ्सएरलाउबनिस, म्हणजे कामाचा तात्पुरता परवाना, मिळालं, ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं आणि त्याच राज्यापुरतं असतं, त्यावर पगारी काम करता करता अभ्यास केला. सोबत एक सीरियन मित्र होता, रोज रात्री नऊला फोनवर एकमेकांची तोंडी घ्यायचो. दुसऱ्यांदा दोघंही पास.

सध्या_पुण्यात

मधेच विचारते, माझं बी१ झालंय, इथे नीट पीजीचे दोन अटेम्प्ट झाले. तिकडे पीजीला खरंच एंट्रन्स नसते का? आणि नवरा तिकडे नसेल तर कुठला व्हिसा?

रात्रपाळी_इनेरे

@सध्या_पुण्यात एंट्रन्स नाही. अप्रोबाट्सिओन मिळालं की सरळ हॉस्पिटलला अर्ज, मुलाखत, एखाद-दोन दिवस सोबत काम, आणि घेतलं तर तेच तुमचं पीजी, पगारासकट. मेडिसिनला किमान पाच वर्षं, सर्जरीला सहा. म्युनिसिपल हॉस्पिटलात सुरुवातीला महिना पाच हजार युरोच्या वर, टॅक्स कापायच्या आधी, ड्युट्यांचे वेगळे. पण मोठ्या शहरात त्वचारोग वगैरे मिळणं कठीण, छोट्या गावाची तयारी ठेव. एकटी येणार असशील तर डिग्रीच्या मान्यतेसाठी वेगळा व्हिसा असतो. बी२ मात्र पुण्यातच संपवून ये गं, इथे येऊन राहण्या-खाण्याचा खर्च करत शिकणं फार महागात पडतं.

किटाची_आई

एमएफएबद्दल मी बोलते कारण मी केलंय, सात महिने, आठवड्यातून तीन सकाळी. अडकून पडायची भीती खरी आहे, कारण फोन, अपॉइंटमेंट, रक्त काढणं, बिलिंग ह्यात दिवस संपतो आणि घरी येऊन पुस्तक उघडवत नाही. पण फोनवर चिडलेल्या स्वाबियन आजोबांचं बोलणं कळायला लागलं की एफएसपीचा पेशंट अगदी सोपा वाटतो, क्लासमध्ये ती बोली कोणी शिकवत नाही. तर करा, पण अर्धवेळ, आणि सोडायची तारीख आधीच ठरवून. आणि आर्बाइट्सआगेन्टुरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार ऑफिसात, नाव नोंदवा, परीक्षेच्या तयारीच्या कोर्ससाठी बिल्डुंग्सगुटशाइन, म्हणजे फी भरणारं व्हाउचर, मिळू शकतं. मिळेलच असं नाही, समोरच्या अधिकाऱ्यावर असतं, पण कागद नीट घेऊन जा आणि मागा.

मराठवाड्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळपासून तीनदा वाचलं. मुंग्यांचं वाचून मला आमच्या पीएचसीतल्या सुईणबाई आठवल्या, त्यांनीच मला तिकडची बोली शिकवली होती.

आज यादी काढली. एमबीबीएसचं सर्टिफिकेट, इंटर्नशिप आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माझ्याकडे आहे, मार्कलिस्टा माहेरी आहेत, बाबांना फोन केलाय. गुड स्टँडिंग शेवटी. वही आणलीये. @दुसऱ्यांदा_पास दादा, होस्पिटात्सिओनसाठी अर्ज कोणाला केलात, एचआरला की थेट शेफआर्ट्सच्या, म्हणजे विभागप्रमुख डॉक्टरांच्या, सेक्रेटरीला? आणि बी२ चालू असताना विचारलं तर चालेल का?

दुसऱ्यांदा_पास

थेट सेक्रेटरीला, आधी ईमेल आणि तीन-चार दिवसांनी फोन. मी बावीस ठिकाणी केला होता, तिघांनी उत्तर दिलं, एकाने बोलावलं. बी२ चालू आहे हे स्पष्ट लिहा, चालतं. लेबेन्सलाउफ (बायोडेटा) मला मेसेजमध्ये पाठवा, बघून देतो, आणि त्यात पीएचसीचं वर्ष सगळ्यात वर लिहा, रोज किती पेशंट बघायचात त्या आकड्यासकट.