झोपेतला रियाज

कुणी म्हणतं की पाखराला गाणं जन्मतःच येतं, शिकावं लागत नाही. कोंबड्याच्या बांगेबाबत ठीक, पण झेब्रा फिंच या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याबाबत नाही. त्याचं नर पिल्लू आधी बापाचं गाणं नुसतं ऐकतं. महिनाभराचं झालं की स्वतःशीच पुटपुटायला लागतं. आमच्या शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यातलं एक तर दुपारभर गळा फुगवून अशी किरकिर करायचं की वाटावं, घसा बसलाय! तीनेक महिन्यांत त्यातूनच जेमतेम सेकंदभराची पक्की बंदिश तयार होते आणि मग ती सहसा बदलत नाही.

खरी गंमत रात्री आहे. २००० साली डेव्ह आणि मार्गोलिआश या संशोधकांना दिसलं की झोपलेल्या फिंचच्या मेंदूत गाण्याच्या पेशी गातानासारख्याच क्रमाने चेततात. चोचीतून आवाज मात्र नाही. म्हणजे सकाळी गाणं सुधारलेलं असणार, असं मलाही वाटलं होतं. उलटंच! २००५ च्या एका प्रयोगात पिल्लं सकाळी आदल्या संध्याकाळपेक्षा वाईट गायची, दिवसभरात सावरायची. आणि ज्यांचं सकाळी जास्त बिघडायचं, तीच शेवटी मूळ गाण्याच्या जास्त जवळ पोचली.