नोटरी केलेला भाडेकरार आहे, आता रजिस्टरही करावा लागेल का?

धायरीकर

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला आईच्या नावावर वन बीएचके आहे. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तो भाड्याने दिला. लातूरकडचं जोडपं आहे, माणसं चांगली. भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००, मुदत ११ महिने. एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी पुरे." ५०० च्या स्टँपपेपरवर करार झाला, वर नोटरीचा लाल शिक्का बसला, सगळे मिळून २,२०० घेतले.

आता भाडेकरूला पासपोर्ट काढायचाय, तर तिकडे नोंदणीकृत करार लागतो म्हणतात. सोसायटीचे सेक्रेटरी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, मागतायत. एजंटला विचारलं तर "काही होत नाही हो, सगळे असंच करतात."

नोटरी नेमकी कधी करायची आणि रजिस्टर कधी, हे कुणी नीट सांगेल का? आणि एक अडचण आहे. नोंदणीला मशीनवर अंगठा द्यावा लागतो आणि आईचा अंगठा उमटत नाही. वीस वर्षं तिने डबे केले, बोटांवरच्या रेषाच पुसल्यात. बँकेतही दर वेळी तेच. खरं तर त्या धास्तीनेच आम्ही नोटरीवर भागवलं.

ठाण्याची भाडेकरू

दादा, तुमच्या भाडेकरूच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी होते. पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण तो नोंदणीकृतच हवा. नोटरीवाला घेऊन गेले होते, खिडकीवरून परत पाठवलं. मालकांना सांगायचा इतका संकोच वाटला की तीन महिने मी बोललेच नाही. तुम्ही स्वतःहून विचारताय हे वाचून बरं वाटलं.

नोटरीची लेखनिक

धायरीकर दादा, मी शिवाजीनगर कोर्टाबाहेर एका नोटरी वकिलांकडे अकरा वर्षं लेखनिक होते. असे भाडेकरार रोज माझ्या हाताखालून जायचे. त्यामुळे नोटरी म्हणजे काय ते आधी सांगते.

माणूस समोर यायचा, ओळखपत्र दाखवायचा, कागदावर सही करायचा. मी नोंदवहीत तारीख, दस्ताचा प्रकार, नाव, पत्ता आणि फी लिहायचे, त्याची सही घ्यायचे. मग वकीलसाहेब कागदावर नोंदीचा क्रमांक घालायचे, तिकीट लावायचे, शिक्का मारून सही करायचे. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की या माणसाने आमच्यासमोर सही केली. भाडं किती, डिपॉझिट किती, घर खरंच त्याचं आहे का, यातलं काही आम्ही तपासत नव्हतो. कराराची प्रतही आमच्याकडे राहत नसे. लोकांना मात्र लाल शिक्का दिसला की काम पक्कं झालं असं वाटतं. मला तेव्हाही त्याचं वाईट वाटायचं. विचारतील त्यांना मी सांगायचे, पण विचारणारे थोडेच.

अकरा महिन्यांचा मुद्दा कुठून आला तेही सांगते. १९०८ च्या केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने असो की तीन. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे इथे कागदावर नाव आईंचं आहे, तेव्हा जबाबदारीही आईंचीच धरली जाईल. एजंटचं नाव त्यात कुठेही येत नाही.

पण दंडापेक्षा त्याच कलमातलं पुढचं वाक्य महत्त्वाचं. नोंदवलेला करार नसेल, तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. माझ्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. तिचा करार नोटरीचाच होता, भाडं ९,०००. मुदत संपल्यावर तो माणूस म्हणाला, भाडं ७,००० ठरलं होतं आणि लाखभर डिपॉझिट रोख दिलंय, ते परत करा मग जातो. आत्या तो लाल शिक्क्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वकिलांकडे घेऊन गेली. दोन वर्षांहून जास्त हेलपाटे घातले तिने. त्या कागदाच्या घडीवरची अक्षरं झिजून गेली होती, मी स्वतः पाहिलंय. करार झाला त्या जागेपासून चार पावलांवर मी बसत होते आणि तिने करार करताना मला विचारलं नव्हतं, हे मला अजून खुपतं.

लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर असेल आणि मुदत संपून जागा सुटली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तो रस्ता आईंसाठी मोकळा ठेवा.

आता तुमचा हिशेब. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं साधारण ४,५८३. बेरीज १,५८,५८३. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे चारशेच्या आत. तुम्ही ५०० चा स्टँपपेपर घेतलात, त्याहूनही कमी. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर हाताळणी शुल्क आणि ऑनलाइन नोंदणीसाठी घरी बोटांच्या ठशांचं मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. २,२०० मध्ये फार मोठा फरक पडला नसता.

मग नोटरी कधी? तिची स्वतःची कामं आहेत, ती कमी लेखू नका. लाइट बिलावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र. मूळ कागदाची साक्षांकित प्रत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मालक परदेशात असेल तर. माझा चुलतभाऊ लंडनला असतो, घर बाणेरला. त्याने काकांच्या नावे मुखत्यारपत्र केलं. ते तिथल्या नोटरीसमोर सही करून, ॲपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) करून पाठवलं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ते आम्ही मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात भरलं. मग त्या मुखत्यारपत्रावर काकांनी भाडेकरार रजिस्टर केला. तिथे नोटरी नसती तर पुढचं पानच हललं नसतं. पण बघा, तिथेही नोटरी मुखत्यारपत्राची झाली, भाडेकरार मात्र नोंदवावाच लागला.

अंगठ्याचं घाबरू नका. अंगठाच हवा असं नसतं, दहा बोटांपैकी कुठलंही चालतं. डबे, धुणीभांडी केलेल्या बायकांची करंगळी किंवा डाव्या हाताचं मधलं बोट बरेचदा उमटतं. आधी कोमट पाण्याने हात धुवा, कोरडे करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवून फडक्याने पुसून घ्या. मशीनची काचही पुसायला सांगा, ती सगळ्यांच्या बोटांनी माखलेली असते. सकाळी हात थंड असतात, दुपारी बोलवा. तरीही नाहीच जमलं तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नेहमीच्या पद्धतीने दस्त नोंदवता येतो.

बंगळुरूतला सोलापूरकर

ताई, छान सांगितलंत. आम्ही इथे आठ वर्षं ११ महिन्यांचे करार स्टँपपेपरवर नोटरी करूनच राहतोय, कुणी काही म्हटलं नाही. आता सोलापुरातलं आमचं घर भाड्याने द्यायचं आहे, तिथेही तसंच करणार होतो.

नोटरीची लेखनिक

सोलापूरकर दादा, घर जिथे आहे तिथला कायदा. बंगळुरूचं तिथे चालतं म्हणून सोलापुरात करू नका, तिथे नोंदणी लागेलच. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ऑनलाइनही देता येते. बऱ्याच शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि न दिल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. नोटरी झाली म्हणजे हेही झालं असा आणखी एक गैरसमज आहे.

धायरीकर

ताई, खूप आभार. भाडेकरूशी बोललो. तो म्हणाला, "काका, मीच विचारणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबलो." जुनाच करार नोंदवायचा की नवा करायचा?

नोटरीची लेखनिक

सहीपासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला देता येतो, म्हणजे मुदत अजून आहे. पण तुमचा कागद एजंटच्या ठोकळ्यातला असणार. नवाच करा, भाडेकरू ज्या तारखेला राहायला आला ती तारीख घालून उरलेल्या मुदतीचा नीट विचार करा. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवा. मशीन घेऊन येणारी मुलं घाईत असतात, लॅपटॉपवर भराभर पानं सरकवतात आणि "काकू, इथे बोट ठेवा" म्हणतात. आईंना मोठ्याने वाचून दाखवा. डिपॉझिटचा आकडा, ते कधी परत द्यायचं, किती दिवसांची नोटीस, रंगाचा खर्च कुणाचा, या चार ओळी दोघांनी पाहिल्याशिवाय बोट ठेवू नका. डिपॉझिट बँकेतून आलं असेल तर व्यवहाराचा क्रमांक करारात लिहा.

धायरीकर

काल दुपारी झालं. भाडेकरूची बायको आईच्या शेजारी बसून सगळा करार वाचत होती. रंगाच्या खर्चाची ओळ मसुद्यात नव्हतीच, ती घालून घेतली. दोन्ही अंगठे उमटले नाहीत, तर्जनीही नाही. तेल लावलं, पुसलं. डाव्या हाताच्या करंगळीला मशीनवर हिरवी खूण आली तेव्हा आई एवढी खूश झाली की पोरांना चहाबरोबर बेसनाचे लाडू दिले. इंडेक्स टू आला की सेक्रेटरींना देतो, आणि भाडेकरू पासपोर्टची तारीख घेतोय.