मदत हवी आहे: डॉसवरून मोडेम डायलच करत नाही, रविवारपर्यंत फाइली काढायच्या आहेत

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:४०
बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरला मोडेम जोडलाय. टेलिक्स (मोडेम चालवायचा प्रोग्राम) उघडतं, पण नंबर डायल केला की लगेच 'नो डायलटोन' येतं. रिसीव्हर उचलला तर टोन व्यवस्थित ऐकू येतो. फोनची वायर दोनदा बदलली. मोडेमचे दिवे लागतात. रविवारी घराचा ताबा द्यायचाय, त्याआधी आतल्या सगळ्या फाइली माझ्या लॅपटॉपवर यायला हव्यात. दोन दिवस यातच गेले. टेलिक्समध्ये नेमकं काय बदलायचं तेवढं सांगा.

तारयंत्र | ९:५२
थोडी माहिती लागेल. कॉम्प्युटर कुठला, डॉस कुठलं? मोडेम आत बसवलेला की बाहेरचा? कोणत्या कॉम पोर्टवर, म्हणजे सीरियल पोर्टवर, आहे, आणि माउस कोणत्या? फोन तांब्याच्या तारेवरचा की फायबरच्या डबीतला? आणि मुख्य म्हणजे डायल कुठे करताय? पलीकडे कोण उचलणार आहे?

सह्याद्रीवारा | १०:०५
कंट्रोल पॅनलमध्ये मोडेम्स उघडा. डायग्नोस्टिक्सवर जाऊन पोर्ट निवडा, मोअर इन्फो दाबा. तिथे उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. विंडोज ९८ ची सीडी हाताशी ठेवा, मागतंच. माझं काम दरवेळी यानेच झालंय.

जुनाखटारा | १०:११
मोडेम सोडा भाऊ. डबा उघडा, हार्ड डिस्क काढा, यूएसबीचा आयडीई अ‍ॅडॉप्टर लावा, दहा मिनिटांत सगळं कॉपी. मी आजवर वीसेक डिस्का अशाच वाचवल्यात. फोनवरून फाइली पाठवायचा काळ गेला.

कृष्णाकाठ | १०:३४
भाऊ नाही, ताई. विंडोज नाहीच त्यात, म्हणून तर टेलिक्स लिहिलं. ४८६ आहे, डॉस ६.२२. मोडेम बाहेरचा, डी-लिंकचा. माउस कॉम १ ला, मोडेम कॉम २ ला. घरचा फोन जुना, तारेचाच. फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलाय, यूएसबी नाही. डिस्क काढायची हिंमत होत नाही, कारण कॉम्प्युटर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुरू होतो आणि सुरू होताना टक टक आवाज येतो.

सोल्डरगन | १०:४१
ताई, पहिली गोष्ट: तो आता सुरू असेल तर काम होईपर्यंत बंद करू नका. रात्रभर चालू राहू दे. अशी डिस्क फिरत असते तोवर फिरते, थंड झाली की परत उठेलच असं नाही. शक्य असेल तर यूपीएसवर घ्या.

जुनाखटारा | १०:४८
टक टक येतेय म्हणजे उलट घाई करा. आजच काढा.

सोल्डरगन | १०:५५
काढून लावायची कशाला? ४८६ च्या काळातल्या बऱ्याच डिस्कांना एलबीए, म्हणजे जागांना सलग क्रमांक, नसतं, त्या सिलिंडर-हेड-सेक्टरच्या हिशेबाने चालतात. यूएसबीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर एलबीएच मागतात, त्यांना अशी डिस्क दिसतच नाही. तुमच्या वीस डिस्का नंतरच्या असणार. ताईंची उठली नाही तर दुसरा प्रयत्न नाही.

जुनाखटारा | ११:०२
एकविसावी अशी असू शकते, मान्य. पण मोडेमने किती दिवस लागतील याचा विचार केलाय का कोणी?

तारयंत्र | ११:१५
ताई, विचारलेल्याचं उत्तर आधी देतो. मोडेम सुरुवातीला 'एक्स४' वर असतो, म्हणजे ओळखीचा डायलटोन ऐकल्याशिवाय नंबर फिरवत नाही. अमेरिकेसाठी सेट केलेला मोडेम ३५० आणि ४४० हर्ट्झच्या टोनची वाट बघतो. आपला टोन ४०० हर्ट्झचा. तुमच्या कानाला टोन आहे, मोडेमच्या हिशेबी नाही. टेलिक्सच्या पडद्यावर एटी टाइप करून एंटर मारा. ओके आलं तर एटीएक्स३ टाका, परत ओके येईल. मग एटी&डब्ल्यू, म्हणजे ते साठवलं जाईल. आता टोनची वाट न बघता डायल होईल.

पण डायल कुठे करताय ते अजून सांगितलं नाहीत.

कृष्णाकाठ | ११:३८
एक्स३ लागू पडलं! डायल होतंय, पलीकडे रिंग जातेय, मग मोडेमचा तो आवाज येतो आणि अर्ध्या मिनिटाने 'नो कॅरियर'. चार वेळा तेच.

डायल शेजारच्या काकांकडे करतेय. त्यांच्या फोनला यूएसबी मोडेम लावून माझा लॅपटॉप तिथे ठेवलाय. आपल्याकडे दोन लाइनी नाहीत ना. त्यांचा फोन फायबरचा आहे, चालत नाही का तो?

पाटीपुस्तक | ११:४४
अवांतर: मोडेमचा आवाज म्हटलं आणि १९९६ डोळ्यांपुढे आलं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत शेल अकाउंट मिळायचं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आम्ही चौघांनी मिळून घेतलं होतं. पहाटे चारला उठायचो, कारण तेव्हा लाइन मिळायची. ईमेल आली की ज्याची असेल त्याला सायकलवरून सांगायला जायचो.

सह्याद्रीवारा | ११:५०
शेल अकाउंटला सेटिंग वेगळं लागायचं. टर्मिनल व्हीटी१०० ठेवावं लागे, नाहीतर पडदाभर कचरा.

तारयंत्र | ११:५८
ताई, म्हणजे लॅपटॉप भिंतीपलीकडे आहे? मग तो उचलून बाबांच्या टेबलावर आणा. मोडेम लागतच नाही.

फायबरच्या फोनमध्ये आवाजाचे तुकडे करून पाठवतात. एखादा तुकडा उशिरा आला तर माणसाला कळत नाही, मोडेमचा धागा मात्र तुटतो. तो नाद सोडा. कॉम्प्युटर ते लॅपटॉप सरळ केबल टाका. टेलिक्स आहेच, त्याला पलीकडे मोडेम आहे की तार, याने फरक पडत नाही.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ७:१०
मला खरंच माहीत नव्हतं. बाबा तालुक्याच्या छापखान्यात मजकूर याच मोडेमने पाठवायचे, ते बघत मी वाढले. त्यामुळे बाहेर काढायचा रस्ता तोच असं धरून चालले होते. कॉम्प्युटर रात्रभर चालूच ठेवलाय. कोणती केबल घेऊ? कॉम २ पंचवीस पिनांचा आहे.

जुनाखटारा | ७:३२
नल मोडेम केबल, मोडेमशिवाय दोन कॉम्प्युटर जोडणारी. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्या आणि २ नंबर ३ ला, ३ नंबर २ ला. २-३ उलटसुलट, ग्राउंडला ग्राउंड. सोपं आहे.

सोल्डरगन | ७:४५
थांबा, असं केलंत तर चालणार नाही. दोन्हीकडे नऊ पिना असत्या तर उलटसुलट बरोबर होतं. नऊ पिनांत २ वर ऐकतात, ३ वर बोलतात. पंचवीस पिनांत २ वर बोलतात, ३ वर ऐकतात. म्हणून इथे २ ला २ आणि ३ ला ३ असं सरळ जोडायचं, ग्राउंड मात्र नऊकडच्या ५ वरून पंचवीसच्या ७ ला. पंचवीसच्या बाजूला ४ आणि ५ एकमेकांना जोडून टाका, नाहीतर टेलिक्स पलीकडच्या होकाराची वाट बघत बसेल.

जुनाखटारा | ७:५८
हे बरोबर आहे. मी नऊ-नऊ धरून सांगितलं होतं.

सोल्डरगन | ८:०४
आणि नवी केबल शोधत फिरू नका, पंचवीसवाली आता सहज मिळत नाही. मोडेमचीच केबल कापा. कॉम्प्युटरकडचं टोक तसंच ठेवा, मोडेमकडचं काढून तिथे नऊ पिनांचा फीमेल कनेक्टर सोल्डर करून घ्या. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेलंत तर अर्ध्या तासाचं काम. रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक तार मीटरच्या बीपवर तपासायला सांगा. आणि केबल काढता-लावताना मागच्या दुसऱ्या पंचवीस पिनांच्या भोकांच्या पोर्टजवळ धडपडू नका, तो प्रिंटरचा. सीरियलला पिना बाहेर दिसतात.

कृष्णाकाठ | दुपारी ३:२०
केबल झाली. कराडच्या बाजारात कन्व्हर्टर मिळाला. लॅपटॉपवर टेलिक्ससारखंच टेरा टर्म टाकलं, दोन्हीकडे सेटिंग सारखं ठेवलं, ९६०० आणि ७ई१, बाबांच्या टेलिक्समध्ये होतं तेच. अक्षरं येतायत! पण मजकूर मराठी नाही. सगळे आकडे आणि इंग्रजी अक्षरं. बाबांचा पडदा शेजारी ठेवून जुळवलं तर जिथे क हवा तिथे दरवेळी ३ आहे, ख च्या जागी ४, ग च्या जागी ५. फाइली खराब झाल्या का?

पाटीपुस्तक | ३:२८
फाँटचा प्रश्न दिसतोय. लॅपटॉपवर मराठी फाँट टाकून बघा.

तारयंत्र | ३:३१
फाँट नाही. ताई, फाइली अगदी सुखरूप आहेत, घाबरू नका. बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड आहे ना?

कृष्णाकाठ | ३:३६
हो, पडद्याची वायर त्यातूनच जाते. पुण्याच्या सीडॅकचं.

तारयंत्र | ३:५५
मग मजकूर इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या कोडांत आहे, आयएस १३१९४, १९९१ चं मानक. त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या आणि वरच्या मराठीच्या. क चा कोड १७९. ७ई१ म्हणजे अक्षराला सातच बिट, आठवा कापला जातो. १७९ मधून १२८ गेले, उरले ५१, आणि ५१ म्हणजे आकडा ३. तुम्ही जुळवून पाहिलंत म्हणून लगेच कळलं.

टेलिक्समध्ये ऑल्ट-पी दाबून ८एन१, म्हणजे आठ बिट, करा, टेरा टर्ममध्येही तेच, फ्लो कंट्रोल दोन्हीकडे बंद. त्यानंतरही पडद्यावर मराठी दिसणार नाही, युरोपातली टोप्यांची अक्षरं दिसतील. दिसू द्या. पडद्यावर ओतू नका, फाइल म्हणून पाठवा: टेलिक्समध्ये पेजअप, झेडमोडेम निवडा, टेरा टर्ममध्ये झेडमोडेम रिसीव्ह. झेडमोडेम प्रत्येक तुकडा तपासतो आणि चुकला तर परत मागतो. किती एमबी आहे?

कृष्णाकाठ | ४:०२
४ एमबीच्या आसपास. वेग वाढवू का?

सोल्डरगन | ४:०९
नको. डॉसमध्ये एमएसडी हे तपासणीचं साधन चालवून कॉम पोर्टला कोणती यूएआरटी, म्हणजे पोर्टची चिप, आहे बघा. १६५५०ए असेल तर ती सोळा बाइट धरून ठेवते. ८२५० दाखवलं तर एकच, मग ९६०० च ठेवा. ४ एमबीला सव्वा तास. कशाला जोखीम?

जुनाखटारा | ४:१५
सव्वा तासच? मग मी बोललो ते मागे घेतो. डिस्क आत राहू द्या.

ओवीवेडी | ४:४०
ताई, मजकूर कसला आहे, विचारलं तर चालेल का?

कृष्णाकाठ | रात्री ८:५०
सगळ्या आल्या. झेडमोडेमने एकदाही तक्रार केली नाही. एमएसडीत ८२५० च निघालं, म्हणून ९६०० वर ठेवलं.

ओवीवेडीताई, आईने गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई गावागावांतून वहीत उतरवून आणायची, बाबा रात्री टाइप करायचे. वह्या २००५ च्या पुरात गेल्या. प्रत्येक ओवीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि जात्यात काय होतं ते आहे: जोंधळा, बाजरी, हळद. एकीखाली लिहिलंय, "तांदूळ, लेकीच्या लग्नाचा, मध्येच रडल्या, पुढचं उद्या."

आता हे युनिकोडमध्ये कसं आणू?

तारयंत्र | ९:०५
आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसोबत युकॉन्व्ह नावाचं साधन येतं, त्याला इस्की कळते, देवनागरीसाठी व्हर्जन शून्य. एका फाइलवर करून बघा. मूळ फाइली मात्र हात न लावता दोन ठिकाणी ठेवा.

ओवीवेडी | ९:१२
तपासून वाचायला माणूस लागला तर मी आहे. माझं माहेर उंब्रजचं, तिकडचे शब्द कळतात. व्यक्तिगत निरोप पाठवते.

सह्याद्रीवारा | ९:३०
तो डी-लिंकचा मोडेम आता लागणार नसेल तर अ‍ॅडॉप्टरसकट द्याल का? माझा अ‍ॅडॉप्टर गेलाय.

कृष्णाकाठ | ९:४१
मोडेम नाही देणार. अ‍ॅडॉप्टर घ्या, शनिवारपर्यंत कराडला आहे.