उन्हाळ्यात वावरात बसून वॉटरकलर: वॉश अर्ध्यातच वाळतो, काय करावं?

धुऱ्यावरचा (आर्वीजवळ, वर्धा जिल्हा)

नमस्कार मंडळी, मागच्या पोळ्यापासून वॉटरकलर शिकून राहिलो, शिकवणारं कोणी नाही, व्हिडिओ पाहू पाहूच. आमच्या वावरातली विहीर, बाजूचा निंब आणि मागे धुऱ्यावरचे दोन पळस, एवढीच जागा धरली, दर महिन्याले तिथंच बसून एक चित्र काढायचं ठरवलं. पऱ्हाटी फुटली तेव्हाचं झालं, डिसेंबरात तुरीवर धुई उतरली होती ते तर इतकं जमलं की आईनं फ्रेम करून भिंतीवर लावलं. पण मार्चपासून सगळं बिघडलं. पळस फुलले तेव्हा आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) वरून सुरू केला, अर्ध्यावर येतो तर वरची कड वाळून पक्की, परत पाणी लावलं तर फुलकोबीसारखे डाग. मग केशरी निळ्यात गेला आणि अख्खा पळस मातकट. चार कागद गेले तोवर फुलंही गळली, आता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबा, याचं मले खरंच लय वाईट वाटून राहिलं. आता तर पारा ४३-४४ वर आहे. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कॉटनचाच आहे. पाण्यात ग्लिसरीन टाकू का? की पाऊस येईपर्यंत बाहेर बसणंच बंद करू? आणि काळी माती कशी करता तुम्ही, माझी डांबरी रस्त्यासारखी दिसते.

निंबोळी (यवतमाळ)

भाऊ, बंद काहून करता, उन्हायातच तर हात बसतो. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. तुम्ही लाकडी पाटी वापरत असाल तर ती बाजूला ठेवा, लाकूड पाणी पिते. अ‍ॅक्रिलिकची शीट घ्या, कागद दोन्हीकडून चांगला भिजवून तिच्यावर चिकटवा, क्लिपही लागत नाही, खालची ओल टिकते आणि वॉशला बराच वेळ मिळतो. साइझ लहान करा, वहीच्या अर्ध्या पानाएवढी. ब्रश मात्र मोठा, आणि आकाशाचा रंग आधीच वाटीभर करून ठेवा, मधात रंग बनवत बसलं की गेलंच. ग्लिसरीन कपभर पाण्यात दोन-तीन थेंब चालते, जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर जाऊन बसते.

दुसरं म्हणजे हे लवकर वाळणं पळसासाठी तर फायद्याचं आहे. निळा आणि केशरी ओले असताना भेटले की मातकट होणारच. आधी केशरी कोऱ्या कागदावर टाका, दोन मिनिटात वाळतो, मग आकाश त्याच्या भोवतीनं न्या, मधात कुठं पांढरी फट राहिली तर राहू द्या, उन्हाचीच वाटते. फुलाच्या बुडाशी काळपट तपकिरी मखमली टोपी असते ना, तिचे चार-दोन ठिपके सगळ्यात शेवटी. हे श्रावणात करून पाहा, अर्धा अर्धा तास वाळायची वाट पाहावी लागते.

झाडीपट्टी (साकोली, भंडारा)

मी ३१ वर्षं ड्रॉइंग शिकवलं, आता रिटायर आहे, रोज सकाळी आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पारीवर बसतो. वर सांगितलं ते बरोबर, मी मातीचं बोलतो. काळा ट्यूबमधून काढूच नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), दोन्ही पाण्यात सैल करून खरखरीत कागदावर सोडा आणि मग हात लावू नका, अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात बसतात आणि ढेकळांचा पोत आपोआप येतो. पण त्याआधी माती नीट पाहा. मे महिन्यात काळी माती काळी नसतेच, भेगा पडून राखेसारखी फिकी होते, फक्त भेगेच्या आत काळोख. पहिला पाऊस पडला की तासाभरात तीच गडद, आणि वखरणी झाली की कडेला चमक. तुमची डांबरासारखी दिसते कारण तुम्ही नावाचा रंग लावता, समोरचा नाही. राग मानू नका, मी पोरांनाही हेच सांगत आलो.

पावसात वेगळाच त्रास, आतापासून सांगून ठेवतो. कागद प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, ओल लागली की त्याचं सायझिंग (रंग लगेच पिऊ न देणारा लेप) जातं आणि रंग टिपकागदासारखा ठिपके ठिपके पितो. रझासाहेब (चित्रकार सय्यद हैदर रझा) मुंबईला जाण्याआधी आपल्या नागपूरलाच आर्ट स्कूलमध्ये शिकले, आणि सुरुवातीला जलरंगात निसर्गचित्रंच काढायचे. विदर्भात रंग कुठं म्हणणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगायचो. जुलैत धानाच्या रोवणीच्या वेळी या एकदा इकडं, पऱ्ह्यांचा तो पिवळट हिरवा आणि बांधीतल्या पाण्यात पडलेलं आभाळ, दरवर्षी पाहतो तरी दरवर्षी थांबतोच.

संत्र्याची बाग (वरुड)

दादा, कागदावर थेट ऊन पडू देऊ नका हो, हे कोणी लिहिलंच नाही. उन्हात पांढरा कागद इतका चमकतो की आपण रंग गडद लावत जातो आणि घरी आणलं की चित्र काळवंडलेलं दिसतं. मी छत्री लावते, काळी. आणि रंगात मध आहे का ते डब्बीवर पाहा, असेल तर झाकण लावूनच ठेवा, माझ्या पिवळ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. साडेआठनंतर मी उठतेच, दुपारी सावल्या पायाखाली जातात, काढायला काही राहतही नाही.

धुऱ्यावरचा

ताई, सर, निंबोळी भाऊ, सगळ्यायचे आभार. काल रात्री जुन्या फोटोफ्रेमची अ‍ॅक्रिलिक शीट सापडली, आज सव्वासहाले वावरात. पोस्टकार्डाएवढाच कागद घेतला. आकाश एका दमात गेलं, कड नाही की डाग नाही, मले विश्वासच बसेना. मग सर, तुम्ही म्हणाले तसं विहिरीजवळ भेगेपाशी उकिडवं बसून पाहत राहिलो. खरंच फिकी आहे माती, आणि भेगेची एक कड सकाळच्या उन्हात चक्क गुलाबी दिसते, दुसरी निळसर. एवढ्या वर्षांत मी त्या वावरात वखर धरला, डवरे धरले, पण हे कधी दिसलं नव्हतं. बाकी निंब अजून हिरव्या गोळ्यासारखाच होतो. फोटो उद्या टाकतो, आता रस्त्यावरचा बहावा फुलू लागला, पिवळा कोराच ठेवून पाहीन. सर, रोवणी तुमच्याकडं कोणत्या आठवड्यात सुरू होते ते कळवा, मी एसटीनं येतो.