प्रतिसाद: मिशा बघा, पंख नंतर

वर एकांनी लिहिलंय, ‘पंख मिटून बसलं तर फुलपाखरू, पसरून बसलं तर पतंग.’ ही खूण मला फारशी भरवशाची वाटत नाही. उन्हाला बसलेली बरीच फुलपाखरं पंख सपाट पसरतात. त्यापेक्षा मिशा, म्हणजे डोक्यावरच्या दोन स्पृशा, बघाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी पिसासारखी किंवा साध्या दोऱ्यासारखी. दिवसा उडणारे पतंगही आहेत, त्यामुळे दिवस की रात्र यावरूनही ठरवू नका.

या चर्चेत टाकलेला नारिंगी फुलपाखराचा फोटो ‘प्लेन टायगर’चाच की ‘डॅनेड एगफ्लाय’ या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीचा, हा वाद मागच्या पंखावर मिटेल. टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायची मादी त्याची नक्कल करते, पण ते ठिपके तिला जमलेले नाहीत. टायगर रुईवर वाढतो, पक्ष्यांना बेचव लागतो, म्हणून ही नक्कल.

उन्हाळ्यात सह्याद्रीत आटत्या ओढ्याच्या ओल्या मातीवर थांबा. तिथे क्षार शोषणारे बहुतेक नरच भेटतात. आपलं राज्य फुलपाखरू ‘ब्लू मॉरमॉन’ही दिसू शकतं.

चर्चेत आमरी (झाडांवर वाढणारी ऑर्किड) कशी ओळखायची हेही विचारलंय, त्याबद्दल: पानं गळालेल्या कांडीवर पांढरी फुलं असतील तर बहुधा ‘डेंड्रोबियम बार्बाट्युलम’. मे-जूनमध्ये लोंबता, गच्च भरलेला गुलाबी ठिपक्यांचा तुरा दिसला तर ‘ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा’ आधी तपासा. फोटो टाकताना फुलाची ओठासारखी पाकळी आणि पानं दोन्ही येऊ द्या. आणि कृपा करून आमरी झाडावरून ओरबाडून घरी आणू नका, कुंडीत ती सहसा जगत नाहीत.